पदवीनंतरची पहिली नोकरी : कामाची माहिती कशी मिळवावी, पडताळावी आणि पुढे द्यावी

दरवर्षी जून-जुलैमध्ये आमच्या कार्यालयात तीन-चार नवे पदवीधर रुजू होतात. कोणी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून, कोणी नांदेडच्या, तर कोणी परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलेले असते. त्यांना कामात बसवण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मुले-मुली हुशार असतात आणि कष्टालाही मागे हटत नाहीत. तरीही पहिल्या दोन महिन्यांत जवळपास प्रत्येकाची एकच चूक होते. ‘लातूरचा सोयाबीनचा दर काढा’ असे सांगितले की दहा मिनिटांत एक आकडा टेबलावर येतो. तो कोणत्या दिवसाचा आहे, जास्तीत जास्त दर आहे की सर्वसाधारण, कुठून घेतला, असे विचारले की मान खाली जाते. आकडा बहुधा खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर खरेदीचा निर्णय घेता येत नाही.

विद्यापीठात प्रश्न छापून मिळतो, संदर्भग्रंथांची यादी ठरलेली असते आणि उत्तर तपासणाऱ्याला ते आधीच ठाऊक असते. नोकरीत प्रश्न अर्धवट कानावर येतो, उत्तर कोणालाच ठाऊक नसते, निम्मी माहिती कोणाच्या तरी कपाटात किंवा डोक्यात असते आणि उत्तर चुकले तर गुण कापले जात नाहीत, माल परत येतो. म्हणून पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्यात. बहुतेक जण पाचव्या पायरीपासून, म्हणजे थेट इंटरनेटवर शोधण्यापासून, सुरुवात करतात आणि तिथेच सगळे बिघडते.

पायरी १ : पहिल्या आठवड्यातली तयारी

सर्वांत आधी एक जाड वही घ्यावी. सुटे कागद नकोत आणि केवळ मोबाइलमधील नोंदीही नकोत, कारण साहेबांसमोर उभे राहून मोबाइलवर टंकत बसणे अवघड जाते आणि सुटे कागद हरवतात. वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत : प्रश्न काय व कोणी विचारला, उत्तर केव्हा हवे, उत्तर कुठून मिळाले, आणि ते कोणत्या दिवशी पाहिले. चौथा रकाना सुरुवातीला निरर्थक वाटतो. तीन महिन्यांनी ‘हा आकडा तू कोणत्या दिवशी पाहिला होतास?’ असे कोणी विचारले की त्याची किंमत कळते.

त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर तीन याद्या कराव्यात.

पहिली यादी ‘कोणाकडे काय’ याची. मालाची आवक कोण नोंदवते, जुनी बिले कोणाच्या ताब्यात असतात, करारांच्या मूळ प्रती कोणत्या कपाटात आहेत, आवक-जावक कोण पाहते, हे नावानिशी लिहावे. पदनाम लिहून भागत नाही. ‘लेखा विभाग’ असे लिहिले तर तिथे गेल्यावर पाच टेबले दिसतात.

दुसरी यादी शब्दांची. कारखान्यात पीओ, जीआरएन, डेबिट नोट, रिजेक्शन हे शब्द दिवसभर कानावर पडतात. शासकीय कार्यालयात नस्ती, टिपणी, कार्यासन, बारनिशी असे शब्द असतात. ऐकलेला प्रत्येक अनोळखी शब्द त्याच दिवशी लिहावा आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या टेबलावर विचारून त्याचा अर्थ भरावा. अर्थ अंदाजाने धरू नये. पीओ आणि जीआरएन यांतील फरक म्हणजे मागवलेला माल आणि प्रत्यक्ष आलेला माल यांतील फरक, आणि या दोहोंच्या आकड्यांची सरमिसळ झाली की साठ्याचा हिशेब जुळत नाही.

तिसरी यादी मराठवाड्यात काम करणाऱ्याला विशेष गरजेची आहे. ती म्हणजे ठिकाणांच्या नावांची. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. त्याआधीची सर्व आकडेवारी, २०११ च्या जनगणनेसह, जुन्या नावाने आहे. केवळ नव्या नावाने शोधले तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बीडचे रोमन स्पेलिंग काही याद्यांत एका आयने, तर काहींत दोन ईंनी केलेले असते, त्यामुळे एक्सेलमध्ये दोन याद्या जोडताना नेमका बीडचा रकाना रिकामा राहतो. जिल्ह्यांची निर्मिती केव्हा झाली तेही लिहून ठेवावे : जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९. हिंगोली परभणीतून वेगळा झाला, म्हणून १९९१ च्या परभणीची तुलना २००१ च्या परभणीशी सरळ केली तर जिल्ह्याची लोकसंख्या एकाएकी घटल्यासारखी दिसते.

तपासा : आठवडा संपल्यावर वही न उघडता सांगून पाहावे की गेल्या महिन्याचे एखादे बिल, चालू करार आणि कालची आवक या तीन गोष्टी कोणाकडे मिळतील. एकही नाव अडले तर पहिली यादी अपुरी आहे.

पायरी २ : प्रश्न नक्की करून घेणे

सर्वाधिक वेळ इथे द्यावा, आणि सर्वाधिक टाळाटाळही इथेच होते. आपल्याकडच्या मुलांना वरिष्ठांना उलट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. घरी आणि वर्गात तशीच सवय लागलेली असते. ‘हो साहेब’ म्हणून बाहेर यायचे, मग मित्राला फोन करून ‘साहेबांना नेमके काय हवे असेल?’ असे विचारायचे. मित्राला ते ठाऊक असण्याचे काहीच कारण नसते. मी हे कळकळीने सांगतो : प्रश्न स्पष्ट करून घेणाऱ्या नवख्या माणसाविषयी वरिष्ठांचे मत वाईट होत नाही, चांगले होते. वाईट मत होते ते दोन दिवस खपून भलतेच काहीतरी आणणाऱ्याविषयी.

विचारताना कशासाठी, कोणत्या काळाचे, कोणत्या क्षेत्राचे, किती नेमके आणि केव्हापर्यंत, या पाच गोष्टी कळल्या पाहिजेत. पाचही प्रश्न एकापाठोपाठ टाकले तर ते उलटतपासणीसारखे होते, म्हणून दोन-तीन वाक्यांत गुंफावेत :

‘साहेब, दोन गोष्टी विचारून घेतो, म्हणजे काम परत करावे लागणार नाही. हा दर आपल्याला आजच्या खरेदीसाठी हवा आहे, की मागच्या हंगामाशी तुलना करायची आहे? फक्त लातूर बाजार समिती पाहू, की उदगीर आणि हिंगोलीही घेऊ? दुपारी तीनपर्यंत दिला तर चालेल का?’

‘कशासाठी’ हा प्रश्न यात सर्वांत मोलाचा आहे. आजची खरेदी असेल तर आज सकाळचा दर, मालाचा ओलावा आणि वाहतूक महत्त्वाची ठरते. हंगामाची तुलना असेल तर रोजचा दर नव्हे, महिन्यांचा कल लागतो. बँकेला द्यायच्या अहवालासाठी असेल तर अधिकृत स्रोतावरचाच आकडा चालतो, आडत्याने फोनवर सांगितलेला चालत नाही. प्रश्न एकच असला तरी या तीन कामांची उत्तरे तीन असतात.

त्यानंतर जागेवर येऊन दोन ओळींचा संदेश पाठवावा : ‘साहेब, लातूर, उदगीर व हिंगोली येथील सोयाबीनचा आजचा सर्वसाधारण दर, खरेदीसाठी, दुपारी तीनपर्यंत देतो.’ ऐकण्यात काही चुकले असेल तर ते याच वेळी सुधारले जाते.

सावधान : वरिष्ठांनी प्रश्नातच उत्तर गृहीत धरलेले असेल, उदाहरणार्थ ‘आवक घटल्यामुळे दर किती वाढला ते काढ’, तर आवक खरोखर घटली आहे का हे आधी पाहावे. घटलेली नसेल तर तसे नम्रपणे आणि आकडा दाखवून सांगावे. गृहीत धरलेल्या उत्तराला साजेसे आकडे शोधणे ही मोठी चूक आहे.

पायरी ३ : आधी घरात पाहणे

कार्यालयातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे कार्यालयातच असतात. मागच्या वर्षी हेच कोणीतरी शोधलेले असते, ईमेलमध्ये कुठेतरी ते पडलेले असते, टॅली किंवा ईआरपी अशा हिशेबाच्या व कारभाराच्या संगणक प्रणालीत नोंद असते, नाहीतर एखाद्या फाइलमध्ये टिपणी असते. बाहेर धाव घेण्यापूर्वी निदान अर्धा तास घरात शोधावे. मात्र घरातल्या माहितीचा एक धोका आहे. तिथे एकाच कागदाच्या अनेक आवृत्त्या असतात.

मी नोकरीला लागलो ते वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. एका ब्रॅकेटचे काम माझ्याकडे आले. ग्राहकाने पाठवलेले ड्रॉइंग मला जुन्या ईमेलमध्ये सापडले, मी ते छापले आणि मशीनवर दिले. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खालच्या चौकटीत आवृत्तीचे अक्षर असते. माझ्या कागदावर ते ‘सी’ होते. गुणवत्ता विभागातल्या फळीवर लावलेल्या प्रतीवर ‘डी’ होते, तिच्यावर लाल शाईचा ‘कंट्रोल्ड कॉपी’ (म्हणजे सध्या लागू असलेली अधिकृत प्रत) असा शिक्का होता आणि वरच्या बाजूच्या तक्त्यात बदलाची ओळ लिहिलेली होती : भोकाचा व्यास साडेआठवरून नऊ मिलिमीटर. मी ज्या कागदावरून काम दिले तो खरा होता, ग्राहकाचाच होता, फक्त चार महिने जुना होता. चारशे नग बनले, आणि ग्राहकाच्या जुळणीच्या जागी बोल्ट बसला नाही. फळी माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती.

म्हणून घरातला कोणताही कागद हाती आला की तीन ठिकाणी नजर टाकावी : तारीख, आवृत्ती आणि शिक्का किंवा स्वाक्षरी. दरपत्रक, करार, कार्यपद्धतीचे पत्रक, सुट्यांची यादी, सर्वांना हाच नियम लागू होतो. सामाईक फोल्डरमध्ये ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम नवे दुरुस्त’ अशा तीन फाइली दिसल्या तर अंदाजाने एक उचलू नये, ती ज्याने केली त्याला विचारावे. छापील कागद वापरायचा असेल तर तो ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांच्याकडूनच नवी प्रत घ्यावी.

पायरी ४ : माणसांना विचारणे

अमेरिकेतल्या प्रोजेक्ट इन्फर्मेशन लिटरसी या संशोधनगटाने २०१२ मध्ये नोकरी देणारे आणि नुकतेच पदवीधर झालेले अशा दोन्ही बाजूंशी बोलून पाहिले. नवे कर्मचारी संगणकावर झटकन शोधतात, पण फोन उचलून किंवा समोर जाऊन विचारण्यात आणि खोलात शिरण्यात कमी पडतात, अशी नोकरी देणाऱ्यांची तक्रार तिथे पुढे आली. आमच्याकडे मला रोज दिसते ते याहून निराळे नाही.

माणसाला विचारण्यापूर्वी आपण काय पाहिले हे सांगता आले पाहिजे. ‘मामा, मागच्या वर्षीची वाहतुकीची बिले कुठे असतील?’ यापेक्षा ‘मामा, निळ्या कपाटात एप्रिल ते सप्टेंबर मिळाली, ऑक्टोबरनंतरची कुठे ठेवता?’ असे विचारले तर उत्तर लगेच मिळते. वीस वर्षे एकाच टेबलावर बसलेल्या भाऊसाहेबांना जे ठाऊक असते ते कोणत्याही फोल्डरमध्ये नसते. त्यांची वेळ सांभाळावी : बाजार समितीत सौदे चालू असताना, तहसील कार्यालयात बैठकीच्या दिवशी, लेखा विभागात मार्चअखेरीस फोन करून लांबण लावू नये. आपले नाव, कार्यालय आणि काम एका वाक्यात सांगून मग प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर ते परत म्हणून दाखवावे. फोनवर ‘पन्नास’ आणि ‘पंचावन्न’ यांत गफलत होण्यास वेळ लागत नाही.

सावधान : माणसाने सांगितलेले हे सुगावा असते, पुरावा नसतो. ‘असा जीआर (शासन निर्णय) निघालेला आहे’ असे कोणी सांगितले तर त्यांचे आभार मानावेत, वहीत नाव व दिनांक लिहावा आणि तो जीआर स्वतः डोळ्यांनी पाहावा. सांगणारा कितीही अनुभवी असला तरी हे चुकवू नये. यात त्यांचा अविश्वास नाही. पुढे कागद मागितला जाईल तेव्हा तो त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे मागितला जाणार असतो.

पायरी ५ : बाहेर शोधणे

आता इंटरनेट उघडावे. इथे एकच नियम पुरतो : जो ती माहिती निर्माण करतो, त्याच्यापर्यंत जावे. बातमी, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ, एखाद्याची चित्रफीत, एआयचे उत्तर या सगळ्यांचा उपयोग मूळ ठिकाणाचा पत्ता मिळवण्यापुरता करावा.

बाजारभावासाठी कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतात. जिल्ह्याच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ असते आणि राज्यासाठी दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येणारी आर्थिक पाहणी. हवे ते कुठेच प्रसिद्ध नसेल आणि ते शासकीय कार्यालयाकडे असेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. २००५ च्या या कायद्यात सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून उद्या हव्या असलेल्या उत्तरासाठी तो मार्ग नाही, पण तिमाही अहवालासाठी आहे.

शासन निर्णयाबाबत नवखे लोक इतके अडखळतात की तो कसा वाचायचा हे वेगळे सांगतो.

आधी विभाग पाहावा. एकाच योजनेचे निर्णय कृषी, महसूल व सहकार असे निरनिराळे विभाग काढतात. मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या मथळ्याखालील जुन्या निर्णयांची यादी पाहावी, कारण मूळ योजना बहुतेकदा तिथे असते आणि हातातला कागद केवळ तिच्यात एक ओळ बदलत असतो. ‘प्रस्तावना’ वाचून थांबू नये. तिथे पार्श्वभूमी असते, आदेश त्यानंतरच्या ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली असतो. शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो. तो १८ अंकी असून त्याचे पहिले आठ अंक साधारणपणे वर्ष, महिना व दिवस दाखवतात. तो संकेतांक महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकून निर्णय निघतो का ते पाहावे. निघत नसेल तर हातातली पीडीएफ वापरू नये. निघाला तरी काम संपत नाही : त्यानंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का, किंवा नव्या निर्णयाने त्याची जागा घेऊन तो अधिक्रमित झाला आहे का, हे त्याच विभागाच्या पुढच्या तारखांत शोधावे.

एआयच्या साधनांविषयी एक स्पष्ट सांगणे आहे. लांब कागदाचा गोषवारा काढायला, इंग्रजी पत्र समजून घ्यायला, कोणत्या शब्दांनी शोधावे हे सुचवायला ती उपयोगी आहेत. पण ती शासन निर्णयाचा क्रमांक, कलम किंवा दर अगदी खात्रीच्या सुरात देतात आणि तसा क्रमांक अस्तित्वातच नसतो. त्यांनी दिलेली कोणतीही संख्या मूळ कागदावर बोट ठेवून जुळवल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

पायरी ६ : पडताळणी

आकडा मिळाला की बहुतेकांना काम झाल्यासारखे वाटते. वास्तविक कामाचा अवघड भाग इथे सुरू होतो. चार गोष्टी तपासाव्यात, आणि प्रत्येकीचे उदाहरण आपल्याच भागातले देतो.

पहिली गोष्ट, आकडा कच्चा की पक्का. लातूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या शोधली तर २४,५५,५४३ आणि २४,५४,१९६ असे दोन आकडे मिळतात. दोन्ही जनगणनेचेच आहेत : पहिला तात्पुरता, दुसरा अंतिम. फरक छोटा असला तरी एकाच अहवालाच्या दोन पानांवर दोन आकडे आले की वाचणाऱ्याचा सगळ्या अहवालावरचा विश्वास उडतो. पैसेवारीत, म्हणजे गावातील पिकाच्या उत्पन्नाच्या पैशांत मांडलेल्या सरकारी अंदाजात, हाच प्रकार मोठ्या परिणामाचा होतो. एकाच गावाची एकाच हंगामात आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. नजरअंदाज पैसेवारी ५० पैशांच्या वर आणि अंतिम ५० च्या खाली असे होऊ शकते, आणि सवलती मिळणे न मिळणे त्याच रेषेवर ठरते. अशा वेळी ‘गावाची पैसेवारी इतकी’ एवढेच लिहिणे म्हणजे अर्धे उत्तर देणे होय.

दुसरी गोष्ट, आकडा केव्हापर्यंत लागू. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आणि ठिबक सिंचन संचावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. इंटरनेटवर त्याआधीची असंख्य पाने अजून तशीच आहेत आणि शोधल्यावर तीच वर येतात. जालन्यातल्या एखाद्या विक्रेत्याच्या कार्यालयात नव्या मुलीने जुन्या पानावरून कोटेशन बनवले तर एक लाखाच्या मूळ किमतीवर सात हजारांचा फरक पडतो. दर, कर, व्याज, मुदत यांपैकी काहीही असो, लागू झाल्याची तारीख सोबत लिहिलेली नसेल तर तो आकडा वापरू नये.

तिसरी गोष्ट, शब्दाची व्याख्या. ‘अतिवृष्टी’ हा शब्द बातमीत जोराच्या पावसासाठी येतो, पण पंचनाम्याच्या कामात त्याचा अर्थ महसूल मंडळात (तालुक्यातील काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस असा नेमका धरला जातो. जिल्ह्याची सरासरी ४० असताना एखाद्या मंडळात ९० पडलेला असू शकतो, म्हणून जिल्ह्याचा आकडा पाहून ‘अतिवृष्टी नाही’ असे लिहिणे चूक ठरते. ‘सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ या वाक्यातही सरासरी कोणत्या वर्षांची हे विचारावे. भारतीय हवामान विभागाने देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९६१-२०१० ऐवजी १९७१-२०२० या काळावर आधारली तेव्हा ती ८८ सेंटीमीटरवरून ८७ झाली. पाऊस तोच राहिला तरी टक्केवारी बदलते.

चौथी गोष्ट, एकक आणि प्रत. दर क्विंटलचा की टनाचा, क्षेत्र हेक्टर की एकर, रक्कम करासह की कराविना, हे शेजारी लिहिले नसेल तर शोधून लिहावे. सोयाबीनच्या दरात ओलाव्याचा प्रश्न येतोच. हमीभावाने खरेदी करताना १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते, आणि २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. दोन वर्षांच्या खरेदीची तुलना करणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसेल तर त्याचा निष्कर्ष भरकटतो.

तपासा : आकडा दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी जुळवून पाहावा. दोन वर्तमानपत्रांत तोच आकडा आला म्हणजे दोन पुरावे झाले असे नाही, कारण दोघांनी एकच प्रसिद्धीपत्रक छापलेले असू शकते. दुसरे ठिकाण मिळत नसेल तर निदान बुद्धीला पटते का ते पाहावे : गावाच्या एकूण क्षेत्रापेक्षा विमा उतरवलेले क्षेत्र जास्त दिसत असेल तर कुठेतरी शून्य वाढलेले आहे किंवा एकक बदललेले आहे.

पायरी ७ : उत्तर देणे

विद्यापीठात प्रस्तावना, विवेचन आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम शिकवलेला असतो. कार्यालयात तो उलटा करावा. उत्तर पहिल्या ओळीत यावे, कारण वाचणारा कदाचित दोन बैठकांच्या मधे, उभ्या-उभ्याच वाचत असतो. त्याखाली आधार, मग मर्यादा. नमुना असा :

प्रश्न : सोयाबीनचा हमीभाव किती व गतवर्षीपेक्षा किती वाढला?
उत्तर : खरीप हंगाम २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये. २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपये होता. वाढ ४३६ रुपये.
आधार : केंद्र शासनाने जाहीर केलेले किमान आधारभूत दर, दोन्ही हंगामांची मूळ पत्रके पाहिली. पत्रके सोबत जोडली आहेत.
मर्यादा : हा दर ठरलेल्या प्रतीच्या मालासाठी आहे. बाजारातला प्रत्यक्ष दर यात धरलेला नाही.
बाकी : आपल्या जवळच्या खरेदी केंद्राची नोंदणीची मुदत समजलेली नाही. केंद्रावर उद्या सकाळी विचारतो.

यातली ‘बाकी’ ही ओळ नवे लोक हटकून गाळतात. अपुरे उत्तर दिल्यासारखे दिसेल अशी त्यांना भीती वाटते. जे मिळाले नाही ते लिहिल्याने वाचणाऱ्याला पुढचे पाऊल ठरवता येते. ते झाकले तर तो तेही मिळाले असे समजून चालतो, आणि नुकसान तिथे होते.

आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवताना वरची तारीख आणि संकेतस्थळाचे नाव कापले जाणार नाही हे पाहावे. कापलेला स्क्रीनशॉट हा आकडा असतो, आधार नसतो.

पायरी ८ : जपून ठेवणे, आणि चूक निघाल्यास दुरुस्ती

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मूळ कागद उतरवून घ्यावा, केवळ दुवा जपू नये, कारण संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे उघडत नाहीत. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबाऱ्याच्या प्रती, कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी असे काही हाती असेल तर ते व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून घरी नेऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा झालेला आहे, पण कायदा नसता तरी ज्याने विश्वासाने कागद दिला त्याचा तो कागद आहे, हे विसरता कामा नये.

एवढे करूनही चूक निघेल. निघाली की आधी हे पाहावे की त्या आकड्यावर कोणी काही ठरवले आहे का. खरेदीची ऑर्डर जाणार असेल किंवा कोटेशन ग्राहकाकडे पोहोचले असेल, तर लिहीत बसू नये, ताबडतोब फोन करावा. त्यानंतर ज्यांना ज्यांना जुना आकडा पाठवला होता त्या सर्वांना त्याच विषयाखाली दुरुस्ती पाठवावी. नवी फाइल गुपचूप जुन्या जागी ठेवू नये, कारण ज्याने जुनी उतरवून घेतली आहे त्याला ते कधीच कळणार नाही. दुरुस्तीत जुना आकडा, नवा आकडा, चूक कशामुळे झाली आणि तो आकडा आणखी कोणकोणत्या कागदांत गेला आहे, हे चार-पाच ओळींत यावे. क्षमायाचनेला एक वाक्य पुरते. मग वहीत त्या प्रश्नाच्या पानावर जाऊन जुन्या उत्तरावर एक रेघ मारावी, ते वाचता येईल अशी, आणि शेजारी नवे उत्तर व आजची तारीख लिहावी.